लग्न एका राज्यात, संसार दुसऱ्या राज्यात

कागलचा नाका ओलांडून मोटार निपाणीच्या रस्त्याला लागली, म्हणजे महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होते. पाट्यांवर कानडी अक्षरे दिसू लागतात, बोलण्याचा हेल बदलतो. परंतु मोटारीत शेजारी शेजारी बसलेले नवराबायको नाक्याच्या अलीकडे नवराबायको होते आणि पलीकडे गेल्यावर एकमेकांचे कोणीच उरले नाहीत, असे काही घडत नाही. असा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, किंवा विवाह-नोंदणीच्या कचेरीत सह्या झाल्या, की लग्न झाले ते सगळीकडचे झाले, अशी आपली समजूत असते, आणि ती वावगी नाही. परंतु अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात २००४ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, हजारो जोडप्यांच्या बाबतीत ही समजूत खोटी ठरत होती. एका राज्यात ती विवाहित होती, सीमा ओलांडली की अविवाहित होत होती, आणि परत फिरली की पुन्हा विवाहित. हा चमत्कार कसा घडत होता, त्याने माणसांचे काय हाल झाले, आणि शेवटी त्यातून वाट कशी निघाली, हे सांगण्याचा आमचा आज विचार आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. ओहायओ राज्यातील सिनसिनॅटी शहरात जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर हे दोन पुरुष वीस वर्षे एकत्र राहत होते. आर्थर यांना शरीराचे स्नायू एकामागून एक निकामी करीत नेणारा ए. एल. एस. हा असाध्य रोग जडला होता. ओहायओने २००४ साली आपल्या राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून समलिंगी विवाहास मनाई केली होती. मेरिलंड राज्यात मात्र २०१३ च्या आरंभापासून तो कायदेशीर झाला होता. ११ जुलै २०१३ रोजी रुग्णांची ने-आण करणाऱ्या विमानातून हे दोघे मेरिलंडमध्ये उतरले. आर्थर यांना अंथरुणावरून उठवत नव्हते. म्हणून विमानतळावर उभ्या असलेल्या त्या विमानातच लग्न लागले, आणि विमान तसेच परत फिरले. हे लग्न संसार थाटण्यासाठी नव्हते. संसार होऊन गेला होता. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मृत्यूच्या दाखल्याचा. ओहायओच्या कायद्याप्रमाणे आर्थर यांच्या दाखल्यावर ‘अविवाहित’ असे लिहिले जाणार होते आणि हयात जोडीदाराचा रकाना कोरा राहणार होता. त्या एका रकान्यासाठी ते दोघे न्यायालयात गेले, आणि तो खटला पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

समलिंगी विवाह असावा की नसावा, ह्याविषयी श्रोत्यांत मतभेद असतील, आणि तो वाद आजच्या व्याख्यानाचा विषय नाही. आमचा प्रश्न त्याला लागूनच असलेला, पण निराळा आहे. लग्न लावून देणे ही एक गोष्ट आणि दुसरीकडे लागलेले लग्न मानणे ही दुसरी गोष्ट. पहिली न करणारे राज्य दुसरी नाकारू शकते काय? आणि नाकारले तर त्याचा भार कोणावर पडतो?

विवाहाचा कायदा कोणाचा?

अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत आणि विवाहाचा कायदा हा परंपरेने राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. आपल्याकडील हिंदू विवाह कायद्यासारखा किंवा विशेष विवाह कायद्यासारखा सर्व देशाला लागू पडणारा विवाहाचा कायदा तेथे नाही. वधूवरांचे वय किती असावे, चुलत-मावस भावंडांनी लग्न करावे की नाही, परवाना कोणी द्यावा, हे ज्या त्या राज्याने ठरवावयाचे. राज्याराज्यांत असे भेद असूनही गोंधळ होत नसे, कारण न्यायालयांनी एक सोयीचा नियम पूर्वापार पाळला होता. जेथे लग्न लागले तेथे ते कायदेशीर असेल, तर ते सर्वत्र कायदेशीर समजावे, हा तो नियम. चुलत भावंडांचे लग्न आपल्या राज्यात होत नसले, तरी दुसऱ्या राज्यातून ते करून आलेल्यांना बहुतेक राज्ये मुकाट्याने पतिपत्नी मानीत. माणसे कामधंद्यासाठी गाव सोडतात, तेव्हा त्यांचे लग्न गाठोड्यासारखे त्यांच्याबरोबर जावे, हा त्यातला व्यवहार.

परंतु ह्या नियमाला एक अपवादही होता. राज्याच्या दृढ लोकनीतीस सर्वस्वी विरुद्ध असलेले लग्न त्याने मानलेच पाहिजे असे नाही, असा तो अपवाद. त्याचा सर्वांत कुप्रसिद्ध उपयोग वर्णभेदासाठी झाला. व्हर्जिनिया राज्यातील रिचर्ड लव्हिंग हा गोरा पुरुष आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय स्त्री, ह्यांनी १९५८ साली राजधानी वॉशिंग्टन येथे जाऊन लग्न केले व ती दोघे घरी परतली. वॉशिंग्टनमध्ये ते लग्न निर्दोष होते. व्हर्जिनियात तो गुन्हा ठरला. एक वर्षाची शिक्षा झाली, आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून राज्यात पाऊल टाकू नये ह्या अटीवर ती तहकूब ठेवण्यात आली. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. म्हणजे सीमेवर लग्न विरघळण्याचा हा प्रकार अमेरिकेला अगदीच नवा नव्हता.

आणि आपल्यालाही तो सर्वस्वी परका नाही. मुंबई इलाख्याने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या-विवाहास बंदी करणारा कायदा केला. तेव्हा असा कायदा सगळीकडे नव्हता. म्हणून त्यात अशी तरतूद केली होती, की इलाख्यात अधिवास असलेल्या माणसाने इलाख्याबाहेर जाऊन असे लग्न लावले, तरी ते रद्दबातल समजावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर एकच नियम आला आणि तो प्रश्न मिटला. सीमेपलीकडे जाऊन कायदा चुकविणाऱ्याला अडविण्याची राज्याची इच्छा नेहमीच वाईट हेतूने असते असे नाही, हे ह्यावरून लक्षात यावे.

निवाडा आणि लग्न ह्यांतला फरक

कोणी विचारील, अमेरिकेच्या घटनेत ह्यावर काहीच उपाय नव्हता काय? घटनेच्या चौथ्या कलमात असे म्हटले आहे, की प्रत्येक राज्याने इतर राज्यांचे कायदे, दप्तर आणि न्यायालयांचे निवाडे ह्यांवर पूर्ण विश्वास ठेवून ते मानावेत. हे वाचून पुष्कळांना वाटे, की मॅसॅच्युसेट्समधले लग्न टेक्ससला मानावेच लागेल. येथेच मोठी मेख होती. न्यायालयांनी ह्या कलमाचा अर्थ लावताना निवाडा आणि कायदा ह्यांत फरक केला होता. निवाडा म्हटला, की तो दुसऱ्या राज्याला पाळावाच लागतो, मग तो त्याला कितीही नापसंत असो. नेव्हाडा राज्यात सहा आठवडे राहून मिळविलेला घटस्फोट इतर राज्यांवर बंधनकारक आहे काय, ह्यावर १९४२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय ह्याच धर्तीचा होता. परंतु लग्न हा निवाडा नव्हे. त्यात वादी नाही, प्रतिवादी नाही, न्यायाधीशाने ऐकून घेतलेला पुरावा नाही. तो एक परवाना आहे आणि त्यावर झालेला विधी आहे. म्हणून घटस्फोटाला जे संरक्षण होते, ते लग्नाला नव्हते! मोडलेला संसार सीमा ओलांडू शके. जुळलेला संसार मात्र नाक्यावर अडे.

ही अडचण प्रत्यक्ष उभी राहण्यापूर्वीच राजकारणाने तिच्यात उडी घेतली. १९९३ साली हवाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना परवाना नाकारण्याबाबत शंका व्यक्त केली, तेव्हा एका राज्याचा निर्णय सर्वांच्या गळ्यात पडेल अशी भीती पसरली. १९९६ साली काँग्रेसने ‘विवाह-संरक्षण कायदा’ संमत केला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. त्याच्या दुसऱ्या कलमाने सांगितले, की अन्य राज्यातील समलिंगी विवाह मानण्याचे बंधन कोणत्याही राज्यावर नाही. तिसऱ्या कलमाने सांगितले, की मध्यवर्ती सरकारच्या सर्व कायद्यांत विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री ह्यांचाच. गंमत अशी, की त्या वेळी देशातल्या एकाही राज्यात असा विवाह होत नव्हता. पूर येण्याआधीच बांध घातला गेला होता.

पूर आला तो मॅसॅच्युसेट्समध्ये. तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये निर्णय दिला आणि १७ मे २००४ पासून समलिंगी विवाह लागू लागले. परंतु त्याच राज्यात १९१३ सालचा एक विस्मृतीत गेलेला कायदा होता. ज्यांच्या स्वतःच्या राज्यात ते लग्न रद्दबातल ठरेल, अशा परराज्यातील जोडप्यांना परवाना देऊ नये, असे तो सांगे. तो झटकून पुन्हा वापरात आणला गेला आणि २००८ साली रद्द झाला. दरम्यान एकामागून एक राज्ये आपापल्या घटनांत मनाईची दुरुस्ती करीत होती. देशाच्या नकाशावर ठिगळे पडली.

लग्न मोडता येईना

अशा नकाशावर राहणाऱ्यांचे हाल कोठे झाले, असे विचारले तर बहुतेक लोक म्हणतील, लग्न करताना. वस्तुतः तसे नव्हते. लग्न करणे सोपे होते. विमानाचे किंवा आगगाडीचे तिकीट काढले की झाले. खरी अडचण लग्न संपताना येई, मग ते भांडणाने संपो की मरणाने.

ऱ्होड आयलंड हे मॅसॅच्युसेट्सच्या शेजारचे चिमुकले राज्य. तेथील दोन स्त्रियांनी २००४ साली सीमेपलीकडे जाऊन लग्न केले. पुढे पटेना, म्हणून त्यांनी आपल्या राज्याच्या कुटुंब-न्यायालयात घटस्फोट मागितला. डिसेंबर २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की आमच्या कुटुंब-न्यायालयाला हा अधिकारच नाही. कायदा केला तेव्हा ‘विवाह’ ह्या शब्दात अशी जोडी अभिप्रेत नव्हती. बरे, मॅसॅच्युसेट्समध्ये जावे, तर तेथे घटस्फोटासाठी त्या राज्यातला निवास हवा, बाहेरून आलेल्यांना सामान्यतः एक वर्षाचा. लग्नाला एक दिवस पुरला होता. ते मोडण्यासाठी बिऱ्हाड हलवून वर्ष काढावयाचे. टेक्ससमध्ये असेच दोन पुरुष न्यायालयात गेले. तेव्हा डॅलस येथील वरिष्ठ न्यायालयाने २०१० साली म्हटले, की घटस्फोट दिला तर लग्न होते असे मान्य केल्यासारखे होईल. हवे तर हे लग्न मुळीच नव्हते असे जाहीर करून घ्या. आता, लग्न नव्हतेच म्हटले, की पतिपत्नी म्हणून मिळविलेल्या मिळकतीची वाटणी नाही आणि पोटगीही नाही. ज्याच्या नावावर घर, त्याचे घर.

उलट बाजूचा धोकाही होता. आपले बंधन कोणी मानीतच नाही, तर ते सुटलेच आहे, असे समजून एखादा पुढे गेला तर? व्हर्मॉंट राज्याने २००० साली ‘सिव्हिल युनियन’ नावाची व्यवस्था सुरू केली होती. तीत विवाहाचे राज्यापुरते सारे हक्क मिळत, नाव तेवढे विवाहाचे नसे. तेथे असे बंधन स्वीकारलेल्या एका पुरुषाने ते न मोडता २००५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्या पुरुषाशी विवाह केला. हा संसार मोडण्याची वेळ आली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले, की पहिले बंधन विवाहासारखेच होते, म्हणून दुसरा विवाह द्विभार्याप्रतिबंधाखाली मुळापासून रद्द. ज्या नात्याकडे अर्धा देश ढुंकून पाहत नव्हता, त्याने एक विवाह बुडविला.

मूल कोणाचे?

मोठी माणसे आपल्या निर्णयाची फळे भोगतात असे म्हणता येईल. मुलांचे तसे नाही. व्हर्जिनियातील दोन स्त्रियांनी २००० साली व्हर्मॉंटमध्ये सिव्हिल युनियन केले. त्यांपैकी एकीला २००२ साली मुलगी झाली. पुढे दोघी विभक्त झाल्या. जन्मदात्री मुलीला घेऊन व्हर्जिनियात परतली. व्हर्मॉंटच्या न्यायालयाने दुसरीलाही आई मानून मुलीला भेटण्याचा हक्क दिला. व्हर्जिनियाच्या स्थानिक न्यायालयाने सांगितले, की तिचा ह्या मुलीशी कायद्याने संबंधच नाही. एकाच मुलीला एका राज्यात दोन आया होत्या आणि दुसऱ्यात एक! शेवटी २००६ साली व्हर्जिनियाच्याच अपील-न्यायालयाने व्हर्मॉंटचा हुकूम मानला. तो समलिंगी बंधनाच्या कळवळ्याने नव्हे. मुलांच्या ताब्याबाबत एका राज्याच्या हुकुमावर दुसऱ्याने कुरघोडी करू नये, असा १९८० चा मध्यवर्ती कायदा होता म्हणून. तरीही जन्मदात्रीने हुकूम पाळला नाही. २००९ साली ती मुलीला घेऊन देश सोडून गेली.

ह्याच कारणाने जाणते वकील अशा जोडप्यांना सांगत, की लग्नाच्या दाखल्यावर विसंबू नका. मुलाला न्यायालयात रीतसर दत्तक घ्या. दत्तक म्हणजे निवाडा, आणि निवाडा सीमा ओलांडतो. पुढे अलाबामाच्या न्यायालयाने जॉर्जियातील असा एक दत्तक-निवाडा धुडकावला, तेव्हा २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अलाबामाचा निर्णय फिरविला.

कराचे कागद आणि विधवेचे वेतन

मरणाने संपणाऱ्या लग्नाची कहाणी एडिथ विंडसर ह्या न्यूयॉर्कच्या वृद्ध स्त्रीने देशापुढे मांडली. थिआ स्पायर यांच्याशी त्यांनी २००७ साली कॅनडातील टोरांटो येथे लग्न केले. २००९ मध्ये स्पायर वारल्या व मालमत्ता विंडसर यांच्याकडे आली. न्यूयॉर्क राज्य त्यांना पत्नी मानीत होते. मध्यवर्ती सरकार १९९६ च्या कायद्यामुळे मानीत नव्हते. पतिपत्नींत वारसाकर पडत नाही. विंडसर यांना मात्र ३,६३,०५३ डॉलर कर भरावा लागला. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या कायद्याचे तिसरे कलम रद्द केले.

वाटले, सुटला प्रश्न. पण दुसरे कलम तसेच राहिले होते, आणि आता गोंधळ अधिकच सूक्ष्म झाला. मध्यवर्ती करखात्याने ठरविले, की लग्न जेथे लागले तेथे ते वैध असेल तर पुरे. परंतु वृद्धापकाळाच्या आणि वैधव्याच्या वेतनाचा कायदा माणूस राहतो त्या राज्याकडे बोट दाखवी. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये लग्न करून टेक्ससमध्ये राहणारी विधवा करखात्याच्या कचेरीत विधवा होती आणि निवृत्तिवेतनाच्या कचेरीत कुमारी! अनेक राज्यांत अशा जोडप्यांना मध्यवर्ती कराचे पत्रक विवाहित म्हणून आणि राज्याचे पत्रक अविवाहित म्हणून भरावे लागे. दोन्ही पत्रकांवर मजकूर खरा असल्याची शपथ असते, हे सांगावयास नकोच.

निकाल आणि त्यानंतर

ओबर्गफेल यांच्या खटल्यात ओहायओतील मध्यवर्ती न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने हुकूम दिला होता. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी आर्थर वारले, आणि त्या हुकुमाप्रमाणे दाखल्यावर ते विवाहित असल्याची नोंद झाली. राज्याने अपील केले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये अपील-न्यायालयाने तो हुकूम फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने मग दोन प्रश्न स्वतंत्रपणे समोर घेतले: राज्याने समलिंगी विवाह लावून द्यावा काय, आणि अन्य राज्यात लागलेला मानावा काय? २६ जून २०१५ रोजी न्यायमूर्ती केनेडी यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे दिले. विरुद्ध मत देणाऱ्या सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे म्हणणेही नीट समजून घेतले पाहिजे. हा बदल लोकांनी मतपेटीतून करावा, पाच न्यायाधीशांनी नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. लोकशाहीत हा आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु राज्याराज्यांनी आपापल्या गतीने ठरवावे असे म्हणताना, तोवर सीमेवर लोंबकळणाऱ्या माणसांचे काय करावयाचे, ह्याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

निकालाने दिलेले निकालाने जाऊही शकते, ह्याची जाणीव २०२२ साली झाली. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा सुमारे पन्नास वर्षांचा हक्क रद्द केला, आणि न्यायमूर्ती थॉमस यांनी २०१५ च्या निर्णयाचाही फेरविचार व्हावा असे आपल्या स्वतंत्र मतात लिहिले. तेव्हा काँग्रेसने ‘विवाह-सन्मान कायदा’ केला आणि अध्यक्ष बायडन यांनी १३ डिसेंबर २०२२ रोजी त्यावर सही केली. त्याने १९९६ चा कायदा पुरता रद्द केला, आणि एका राज्यात लागलेले लग्न लिंग, वर्ण, वंश वा मूळ राष्ट्र ह्या कारणांवरून दुसऱ्या राज्याने नाकारू नये, असे बंधन घातले. धर्मसंस्थांवर असे विवाह लावण्याची सक्ती मात्र नाही. विशेष म्हणजे राज्याने परवाना दिलाच पाहिजे, असे हा कायदा म्हणत नाही. २०१५ चा निर्णय उद्या गेला, तर काही राज्यांत विवाह लागणे पुन्हा बंद होईल. परंतु बाहेरून लागून आलेला विवाह त्यांना मानावा लागेल. सुरुवातीस आम्ही केलेला लावून देणे आणि मानणे हा भेद अमेरिकेने असा कायद्यातच उतरविला. सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ मते पडली. दोन्ही पक्षांतील सभासदांना निदान एवढ्यावर एक होता आले.

आणि आपला ह्याच्याशी काय संबंध? आहे, आणि तो जवळचा आहे. पुण्यामुंबईची कितीतरी मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांतल्या एखाद्याने तेथे असे लग्न केले, तर २०१३ नंतर व्हिसाच्या कामी तेथील सरकार त्याला विवाहित समजते. तोच आईवडिलांना भेटण्यासाठी सांताक्रूझला उतरला, की आपल्या कायद्याच्या दृष्टीने अविवाहित होतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले, की समलिंगी विवाहास मान्यता देणे हे संसदेचे काम आहे. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, प्रश्न उरतोच. असा जोडीदार येथे रुग्णालयात पडला, तर सही कोणी करावयाची? वारला, तर बँकेतल्या पैशांवर हक्क कोणाचा? कोणते विवाह लावून द्यावयाचे हे आपली संसद यथावकाश ठरवील. पण लागून आलेल्या विवाहांचे काय, हे ठरविण्यास विमानातून उतरणारी माणसे थांबणार नाहीत. आणि मृत्यूच्या दाखल्यावरचा रकाना तर कोणासाठीच थांबत नाही.